पाय फिरवायचा राहिला

४ जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद दर पत्रात तेच असतात, ते आहेत असं धरून चाल. कामाचं लिहिते.

ढब्बूचा डावा गुडघा दुखतोय. म्हणजे ती म्हणते दुखतोय. तीन महिने झाले. इथल्या डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो काढला, गुडघा आरशासारखा स्वच्छ निघाला. मलम दिलं. शाळेतल्या बाई म्हणतात, पळायच्या तासालाच बरा दुखतो, गणिताच्या तासाला दुखत नाही. मी म्हटलं, बाई, गणित बसून असतं. त्यांच्यासमोर बोलले खरी, पण घरी आल्यावर मीच पोरीला दोन धपाटे घातले. बाराव्या वर्षी माझ्याहून जड झाली आहे, बसून खाल्लं की गुडघा दुखणारच, असंही बोलले.

आता पाऊल बाहेरच्या बाजूला वळवून चालते. वर्गातल्या मुली बदक म्हणतात. त्यावर ही म्हणते, "बदकाला निदान पोहता तरी येतं." हसते आणि जिन्यावर बसून राहते.

तू घरातली पहिली शिकलेली. एक्स-रेचीच पदवी आहे तुझी. मी तिला रागवायचं की काय करायचं ते नीट लिहून पाठव. फोन करू नकोस. एकवीस वर्षं मागांच्या खडखडाटात गेली, आता कानाला यंत्र लावलं तरी मला त्यात आमची शेडच ऐकू येते.

ताई

(मावशी, मी खोटं बोलत नाही. तुझी ढब्बू)


९ जानेवारी

ताई,

हे पत्र वाचून होईपर्यंतसुद्धा ढब्बूला उभी ठेवू नकोस. झोपव. बाथरूमलाही उचलून न्या.

दुखणं गुडघ्यात नाही, खुब्यात आहे. आमच्या वर्गात सरांनी पहिल्या वर्षी फळ्यावर लिहिलं होतं, गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचा खुबा बघा. वाढत्या वयात, त्यातून अंगाने भरलेल्या मुलांमध्ये, मांडीच्या हाडाचा वरचा गोळा वाढीच्या पट्टीवरून घसरतो. डब्याचं झाकण तिरकं सरकावं तसा. खुबा घसरतो आणि बोंब गुडघा मारतो, कारण दोघांची नस एकच. पाऊल बाहेर वळतं तेही त्यामुळेच. तुमच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या वर दोन वितींवर फोटो काढला असता तर तीन महिन्यांपूर्वीच दिसलं असतं.

गाडी करून आडवी घेऊन या. मी आमच्या मोठ्या सरांशी बोलले आहे. त्यांच्याकडे दीड महिन्याची रांग आहे, पण "तुझी भाची ना? आण," म्हणाले. एक स्क्रू घालून गोळा जागच्या जागी धरून ठेवतात, इतकंच. ऑपरेशनच्या वेळी फोटो दाखवणारं अर्धगोल मशीन असतं, ते मीच चालवते. ढब्बूला सांग, मावशी आत असेल.

तू तिला मारलंस हे वाचून वाईट वाटलं. पण चूक तुझी नाही, अज्ञानाची आहे. म्हणूनच मी शिकले ना?

धाकटी


२ फेब्रुवारी

धाकटे,

सुखरूप पोचलो. ढब्बू कुबड्यांवर आहे. सगळ्या गल्लीत तुझं नाव झालंय. शेजारची परवा मला कानाजवळ तोंड आणून ओरडून सांगत होती, घरात एक तरी शिकलेलं हवं. हे तर कोणालाही धरून सांगतात, आमच्या मेव्हणीने गुडघा न बघता खुबा ओळखला, तोही पोस्टाने. इथल्या डॉक्टरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी बघितलं.

यापुढे आमचं ठरलंय. तू लिहिशील ते करायचं. दुसऱ्या कोणाचं ऐकायचं नाही, माझं स्वतःचंसुद्धा.

ढब्बूला खाली लिहायचंय.

ताई

(मावशी, स्क्रू गंजतो का? सुई दिली तेव्हा तू माझं बोट धरलं होतंस. नंतर मला आठवत नाही. बसताना आत टोचतं. टाक्यांजवळ नाही, खोल आत, मांडी जिथे सुरू होते तिथे. सरांना विचार. तुझी ढब्बू)


८ फेब्रुवारी

ताई,

ढब्बूला आधी. राणी, हा स्क्रू गंजत नाही. मी तुझ्या ऑपरेशनच्या वेळचे फोटो पुन्हा उघडून बघितले, समोरून एक, बाजूने एक. दोन्हींत स्क्रू अगदी पुस्तकात छापावा तसा गोळ्याच्या मधोमध आहे. सर स्वतः म्हणाले, "दोन पुरे, सुंदर आहे." चाळीस मिनिटांत तू बाहेर होतीस. टोचतंय ते आतलं मांस भरून येतंय म्हणून. सरांना एवढ्यासाठी विचारणं बरं दिसत नाही.

ताई, सहा आठवडे त्या पायावर भार द्यायचा नाही. त्यानंतर खरी परीक्षा सुरू होईल, आणि ती ढब्बूपेक्षा तुझी असेल. सांधा आखडू द्यायचा नाही. सोबत व्यायामाचा कागद मोठ्या अक्षरात लिहून पाठवते, भिंतीवर लाव. टाच गादीवरून मागे ओढायची, गुडघा पोटाकडे न्यायचा. वीस वेळा, दिवसातून तीनदा. शेवटच्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या आहेत: रडली तरी थांबायचं नाही. आपल्याकडे लाडाने जेवढी मुलं वाया गेली तेवढी आजाराने गेली नसतील.

धाकटी


२८ मार्च

धाकटे,

तुझा कागद पलंगासमोर लावला आहे. एक दिवस चुकवलेला नाही. मी तिच्या चांगल्या पायावर बसते, हे दुसरा पाय धरून दाबतात. पहिल्या आठवड्यात ती ओरडायची. मला काय, ऐकू येत नाही, फक्त तोंड उघडलेलं दिसायचं, पण ह्यांना ऐकू येतं. हे परवा पाय सोडून बाहेर गेले आणि नळाशी जाऊन तोंड धुऊन आले. तुझ्या भावजींना एवढं रडू येतं हे लग्नाला चौदा वर्षं होऊन मला माहीत नव्हतं. मी त्यांना शेवटची ओळ वाचून दाखवली.

तिने माझ्या दंडाला चावा घेतला. दोन दातांची खूण अजून आहे. चालायचंच.

पण एक गोष्ट विचारायची आहे, आणि नीट वाच. आधी गुडघा अर्ध्यापर्यंत वर यायचा. आता तेवढाही येत नाही. व्यायाम वाढतोय आणि पाय कमी वाकतोय. परवा पाय दाबताना मी तिच्या खुब्यावर तळहात ठेवला. आत खरखर लागली. धाकटे, ही खरखर मला ओळखीची आहे. मागाच्या बेअरिंगमध्ये वाळूचा कण गेला की हाताला अशीच लागते. आमच्या शेडमध्ये कोणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून आम्ही मागावर हात ठेवून बघतो. खरखर लागली की आधी माग बंद करायचा, मग मुकादमाला हाक मारायची. आधी हाक मारून मग बंद केलास तर तोवर दांडा खाल्लेला असतो.

माझे कान गेले, हात गेलेले नाहीत. थांबवू का? तू सांगशील तर थांबवते.

इथे नवा फोटो काढला, तो सोबत आहे.

ताई

(मावशी, आतून करकर येतं. आईला ऐकू येत नाही. बाबांना येतं पण ते म्हणतात मावशीला विचार. तू तरी ऐक. ढब्बू)


५ एप्रिल

ताई,

फोटो सरांना दाखवला. दारातच, पण त्यांनी बघितला. म्हणाले, व्यायाम कमी पडतोय म्हणून आखडलंय. वाटी आणि गोळा यांच्यातली जागा डाव्या बाजूला कमी दिसते, पण ती तुमच्या तिथल्या फोटोवाल्याने मशीन तिरकं धरल्यामुळे. असे फोटो आमच्याकडे रोज येतात.

ताई, तुला राग येईल, पण शरीर म्हणजे माग नाही. बेअरिंगमधल्या वाळूची भीती खुब्याला लावणं म्हणजे तेच, गुडघा दुखतोय म्हणून गुडघ्याला मलम लावणं. एकदा आपल्या अंदाजाने वागून तीन महिने घालवलेत. आता तरी ज्याचं शिक्षण आहे त्याचं ऐका. थांबायचं नाही. तीस वेळा करा, दिवसातून चारदा.

ढब्बू, तुला वाटतं मावशीला काय कळतंय, तिला कुठे दुखतंय. मी कॉलेजला होते तेव्हा पायाला गळू असताना रोज दोन तास उभी राहून प्रात्यक्षिकं केली. दुखलं म्हणून बसले असते तर आज तुझ्या ऑपरेशनला आत नसते. आपल्या घरात दुखतंय म्हणून बसलेली माणसं पुष्कळ झाली. तू त्यातली होऊ नकोस.

धाकटी


२० मे

धाकटे,

तीस वेळा, चारदा. चालू आहे.

आता ती ओरडत नाही. भिंतीकडे बघते आणि माझ्याबरोबर आकडे मोजते. ओठ हलताना दिसतात. पाय केरसुणीसारखा सरळ राहतो, खुर्चीत बसली तर समोर आडवा येतो आणि येणारा-जाणारा अडखळतो. वजन खूप उतरलंय. गल्लीतल्या बायका म्हणतात, पोरगी छान सडपातळ झाली, आम्हालाही सांगा काय करता ते.

गेल्या सोमवारी तिने तुझा कागद फाडला. मी कानफटात मारली. मावशीचं अक्षर फाडतेस? म्हटलं, आता तूच लिही. तिच्याकडून अख्खा कागद दोनदा लिहून घेतला, शेवटच्या ओळीखालच्या दोन रेघांसकट. त्यातला एक भिंतीवर लावला, एक जपून ठेवला आहे, पुन्हा फाडला तर असावा.

खाली लिही म्हटलं तर नको म्हणाली.

ताई


३ जून

ताई,

व्यायाम बंद कर. हे वाचता वाचता बंद कर. कागद भिंतीवरून काढ.

तू विचारलंस ते बरोबर होतं. आत वाळू आहे. वाळू म्हणजे स्क्रूचं टोक.

सगळं लिहिते, मला थांबता येणार नाही. आमच्याकडे एक नवीन डॉक्टर बाई आल्या आहेत. काल त्यांनी एका मुलाचं असंच ऑपरेशन केलं. समोरचा फोटो चांगला, बाजूचा चांगला. मी मशीन मागे घ्यायला लागले तर म्हणाल्या, "थांबा, पाय फिरवायचा राहिला." मग मशीन चालू ठेवून त्यांनी मुलाचा पाय हळूहळू गोल फिरवला. पडद्यावर स्क्रूचं टोक गोळ्याच्या कडेकडे जायला लागलं. जाऊन परत फिरायला हवं. ते फिरलं नाही, बाहेर आलं. बाईंनी स्क्रू दोन आटे मागे घेतला, पुन्हा पाय फिरवला, आणि बंद केलं. त्यांना सहा मिनिटं जास्त लागली.

सुताच्या गुंड्यात सुई खुपसून बघ. समोरून आत दिसते, बाजूने आत दिसते, आणि तिरक्या अंगाने बोटाला टोचते. गोळ्याचे दोन फोटो म्हणजे काहीच नाही.

हे मला माहीत नव्हतं असं लिहायचा मोह होतोय. माहीत होतं. ऑपरेशनच्या खोलीत भिंतीवर एक कागद आहे, मी नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात मोठ्या हौसेने लिहून प्लास्टिकमध्ये घालून लावलेला. चौथी ओळ आहे, पाय पूर्ण फिरवून बघणे. ढब्बूच्या वेळी सर दोन फोटोंवर "पुरे" म्हणाले. मी त्या कागदाखालीच उभी होते. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. सर, पाय फिरवायचा राहिला. चार शब्द. बोलले नाही. त्यांनी तिला रांग मोडून घेतलं होतं. वाटलं, उपकार करणाऱ्याला शिकवायचं कसं. वाटलं, इतका मोठा माणूस आहे, दिसलं असेल त्याला.

एप्रिलमध्ये तुझा फोटो आला तेव्हा सरांना दाखवायच्या आधी मी पट्टी लावून मोजलं होतं. उजवीकडे वाटीत चार मिलिमीटर जागा, डावीकडे दोन. फोटो तिरका नव्हता. तुमच्या फोटोवाल्याने मशीन अगदी सरळ धरलं होतं. सरांनी व्यायाम वाढवा म्हटलं, मशीन तिरकं हे मी माझ्या मनाने लिहिलं. तीसचा आकडाही माझाच.

दर वेळी पाय वाकवला की ते टोक वाटीवरून घासत होतं. एका दिवसात एकशे वीस वेळा.

तिला घेऊन ये. डॉक्टर बाई स्क्रू काढतील. मोठ्या सरांना मी आज सकाळी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू तेव्हा बोलली नाहीस, आता कशाला बोलतेस?" मी लेखी दिलं आहे. पण ताई, ते म्हणाले त्यात खोट काढता येत नाही.

धाकटी


१ ऑगस्ट

धाकटे,

जूनमध्ये तू हॉस्पिटलच्या दाराशी उभी होतीस. स्ट्रेचर तुझ्या पुढून गेलं तेव्हा ढब्बूने चादर तोंडावर घेतली. तुला वाटलं असेल उजेड लागला. तसं नव्हतं.

डॉक्टर बाईंनी मला पाटीवर लिहून दाखवलं, कारण मला ऐकू येत नाही. स्क्रू काढला, हाडाची वाढीची पट्टी जुळून आली आहे, आता तिथे स्क्रू लागणार नाही. पुढे लिहिलं, सांध्यातली गादी गेली. मी खडू घेऊन खाली लिहिलं, परत कधी येते? त्यांनी ते पुसून टाकलं.

पाय थोडा वाकेल म्हणतात. मांडी घालून बसणार नाही. पळणार नाही. मोठी झाल्यावर सांधा बदलावा लागेल, तोवर दुखेल तेवढं दुखेल.

तुला शिव्या द्यायला बसले होते. तीन कागद झाले, चुलीत घातले. तू एकदा चार शब्द बोलली नाहीस. मी काय केलं ते बघ. पाचशे वार भिकार कापड वाचवायला मी माग बंद केलाय, मुकादमाला न विचारता, पन्नास वेळा. पोटच्या पोरीच्या खुब्यावर हात ठेवून तीच खरखर लागली आणि मी पोस्टाने परवानगी मागितली. तुझं उत्तर यायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांतही मी थांबले नाही, कारण कागद भिंतीवर होता.

तू शिकलीस त्याचा मला अभिमान होता. तो अजून आहे, म्हणूनच जास्त संताप येतो.

आता पुढचं. उजवा गुडघा दुखायला लागला आहे. तीन आठवडे झाले, तिने सांगितलं नाही. शाळेतून येताना दुसरंही पाऊल बाहेर वळलेलं मी बघितलं, तेव्हा कळलं. डॉक्टर बाई म्हणतात, उजवा खुबाही घसरायला लागलाय, लगेच स्क्रू घालायला हवा. नाही घातला तर हा पायही त्याच वाटेने जाईल. ढब्बू नाही म्हणते. पलंगाचा दांडा धरून बसली आहे. ह्यांनी समजावलं, मी समजावलं. काल म्हणाली, मावशीला पत्र लिहू द्या, मग बघते.

मी ते वाचलेलं नाही. पाकीट तिनेच चिकटवलं.

ताई


२ ऑगस्ट

मावशी,

खाली ढब्बू लिहिणार नाही. ते नाव आता मला सैल होतं.

डॉक्टर बाईंना मी विचारलं. कमरेखालचा भाग बधिर करून ऑपरेशन करता येतं आणि माणूस जागा राहतो. त्या म्हणाल्या, लहान मुलांना नको वाटतं. मी म्हटलं, मला झोप नको. मागच्या वेळी मी झोपले होते.

म्हणून मी येते. माझ्या अटी आहेत.

तू आत असायचंस. मशीन तूच धरायचंस. पडदा मला दिसेल असा वळवायचास. दोन फोटो झाले की मी बघणार की तू बोलतेस का. डॉक्टर बाई फिरवतीलच, त्या चांगल्या आहेत, पण त्यांनी फिरवायच्या आधी तू म्हणायचंस, मोठ्याने. नाही म्हणालीस तर मी म्हणेन, आणि मग परत कधी तुझ्याशी बोलणार नाही.

ते वाक्य तुझ्या तोंडात तयार होतं पण बाहेर आलं नाही, असं तू आईला लिहिलंस. त्याला व्यायाम कमी पडतोय. मी कागद पाठवते आहे. आईने माझ्याकडून दोनदा लिहून घेतला होता, त्यातला हा दुसरा. वरचं मी खोडलंय आणि तिथे तुझे चार शब्द लिहिलेत. डॉक्टर बाईंनी सतरा तारीख दिली आहे, तोपर्यंत मी पाय जमिनीला लावणार नाही. तोवर रोज मोठ्याने म्हणायचं आणि लिहायचं. तीस वेळा, दिवसातून चारदा. वह्या घेऊन ये, मी मोजणार आहे. मला एकशे वीसपर्यंत न चुकता मोजता येतं.

शेवटची ओळ खोडलेली नाही. तिच्याखाली दोन रेघा आहेत.